पुढचे दोन पंखे

३ मे, शुक्रवार
दुपारी ४४. वारा पश्चिमेचा, धुळीचा. जिनिंग बंद होऊन पंधरा दिवस झाले, तरी रुईचा तूस गल्लीत उडतोच आहे. एकतीस वर्षं त्या तुसात फिटरकी केली. आता निवृत्त झालो तरी पाठ सोडत नाही.

सूनबाईंच्या कॉम्प्युटरचा डबा आज पहिल्यांदा नीट पाहिला. पुढच्या जाळीवर बोटभर थर. धूळ आणि तूस मिळून गोधडी झालीय नुसती. आतले पंखे घरघरतात. मी म्हटलं, "स्नेहल, हा तर दम्याचा पेशंट." हसली, पण हसण्यात मन नव्हतं.

तिची चाचणीची मुदत ३१ पर्यंत. बंगळुरूच्या एका कंपनीसाठी दातांच्या टोप्या पडद्यावर घडवते. कुणाची दाढ कुठे झिजली, कुठे चावताना लागते, सगळं बघून. रोज चारच्या आत फाईल गेली पाहिजे. मुदतीत तीनदा वेळ चुकली तर नमस्कार.

नोकरी पक्की झाली तर स्ने. आणि नात ईशू इथेच शिरपुरात आमच्याजवळ, ती कामात असताना ईशूला बघायला आम्ही आहोतच. ईशूची पहिली इथल्याच शाळेत, मुलगा राहुल पुण्याहून महिन्यातून दोनदा येणार. नाही झाली तर जूनमध्ये दोघी पुण्याला. मार्चमध्ये राहुलने हे ठरवलं तेव्हा मी एक शब्द बोललो नाही. एरवी दुधाच्या भावावरही बोलतो.

५ मे, रवि.
स्ने. आणि ईशू सकाळच्या गाडीने धुळ्याला, तिच्या माहेरी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुट्टी मिळायची नाही, म्हणून आजच जाऊन येणार. घर मोकळं. पेचकस काढला.

सौ. दारातून: "पोरनं यंत्र शे ते, तुम्हनं जिनिंग नही. हात लावू नका."
मी: "फक्त झाडी देस."

डबा उघडला. ब्रशने, फुंकणीने, जुन्या बनियनच्या चिंधीने तासभर साफ केला. मग कापसाचा पुंजका धरून पंखे तपासले, आमच्या जुन्या पद्धतीने. पुढचे दोन पंखे हवा आत ओढतात. पुंजका थेट जाळीला चिकटला. मागचा एक तेवढा बाहेर फेकतो. म्हणजे गल्लीतल्या सगळ्या तुसाला आवतण देऊन आत बोलवायचं! ज्याने हे बनवलं त्याने जिनिंग जन्मात पाहिलेलं नाही. शेडमध्ये आम्ही एक तरी पंखा आत फुंकणारा लावला का कधी? सगळे भिंतीत, सगळे बाहेर फेकणारे. धूळ बाहेर, माणूस आत.

पुढचे दोन्ही काढले, उलटे करून बसवले. आठ स्क्रू, वीस मिनिटं. आता तिन्ही पंखे बाहेर फेकतात.

कुणाला सांगितलं नाही. कळेल तेव्हा कळेल. बरं वाटलं. हात अजून चालतो.

६ मे, सोम.
स्ने. सकाळीच: "नाना, आवाज किती कमी झाला! काय केलंत?"
"हात फिरवला."
तिच्या पडद्यावर आतली गरमी दिसते. ८२ होती, आज ७१. दुपारभर ७१-७२. ईशूला म्हणाली, "नानांना थँक्यू म्हण." म्हणाली. कैरीचं पन्हं दोन पेले प्यालो.

८ मे, बुध.
पुढची जाळी आरशासारखी. तीन दिवसांत एक कण नाही. सौ.ला मुद्दाम बोलावून दाखवली. ती म्हणाली, "बरं." कौतुक म्हणून नाही या बाईकडे.
गरमी ७६. बाहेर ४५, तेवढी चढणारच.

९ मे, गुरु.
३ वाजून २० मिनिटांनी डबा बंद. एकदम. पडदा काळा. स्ने. एका दाढेच्या मध्यावर होती. पुन्हा सुरू केला, सात मिनिटांनी पुन्हा बंद. फाईल गेली ४:२५ ला.
पहिली चूक लागली.
सकाळपासून लाईट फडफडत होती, म्हणून मी इन्व्हर्टरवर खापर फोडलं. बॅटरीचं पाणी तपासलं, बरोबर आहे. वायरी तपासल्या. जाळी तपासली, लख्ख. म्हणजे डब्याचा दोष नाही.

१० मे, शुक्र. आखाजी
घागर भरली, बापाला, आजाला घास टाकला. पुरणपोळी, आंबरस, सांजोऱ्या. समोरच्या निंबाला झोका बांधलाय. गल्लीत माहेरी आलेल्या पोरी सकाळपासून गाणी म्हणतात. आमची स्ने. मात्र खोलीत. जेवायला आली आणि दहा मिनिटांत उठली. डोळे लाल. रडली होती की पडद्याकडे बघून झाले, विचारलं नाही.

ताटावर जरा वातावरण हलकं करावं म्हणून मी म्हटलं, "पुण्याला गेलीस की ती खोली माझी. कूलर लावून पाय पसरून झोपेन." ईशू खिदळली. स्ने.ही हसली. सौ.ने माझ्याकडे असं पाहिलं की रस घशातच राहिला.
गरमी ७९.

१३ मे, सोम.
८४. सकाळी दहालाच. साफ केल्यावर आठ दिवसांत इतकी? काहीतरी घोळ आहे. स्ने. डब्याला हात लावून बघते, पोराला ताप आला की बघतात तसा. मी म्हटलं, मी उघडून बघतो. म्हणाली, "नको नाना, आता हात नको लावायला. बंद पडला तर?"
खरंय तिचं.

१४ मे, मंगळ.
दुसरी. २:५० ला बंद, थंड व्हायलाच अर्धा तास. तिने पुठ्ठ्याने वारा घातला. ईशूनेही वहीने घातला. ४:१० ला फाईल. दहा मिनिटांनी हुकली.

संध्याकाळी राहुलचा पुण्याहून फोन. हा डबा धुळ्याच्या धनराजने जोडून दिलेला, त्याचं लहान दुकान आहे. राहुलने त्याला लाईनवर घेतलं आणि फोन स्पीकरवर. "तुम्ही जुना माल घातलात. माझ्या बायकोची नोकरी जाईल." धनराज म्हणाला, "साहेब, मी येऊन बघतो. एकवीसला येतो, त्याआधी जमणार नाही." राहुल पुन्हा ओरडला. बाप म्हणून टोकायला हवं होतं. पण मलाही वाटत होतं, मालच हलका असणार.

१५ मे, बुध.
धनराज येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं? कूलर बैठकीतून उचलला, स्ने.च्या खोलीत डब्याच्या मागे दोन हातांवर लावला. टाकी भरली.

सौ.: "आम्हले कूलर नही आनि त्या डब्बाले कूलर! मानसं भाजी मरोत का?"
"एकतीस तारखेपर्यंत भाजून घे."

स्ने.ला संकोच. "नाना, आईंना त्रास नको." मी म्हटलं, तुझी दाढ महत्त्वाची. गरमी ७४ वर आली! दिवसभर ७४. सौ. बैठकीत विंझण्याने वारा घेत बसली, पण बोलली नाही. मनातून तिलाही हवंय हे. ईशूच्या पहिलीच्या वह्यांना कव्हरं घालून ठेवलीत तिने, कुठली शाळा ते ठरलेलं नसताना.

१७ मे, शुक्र.
८१. कूलर असूनही. खोलीत ओल, गवताच्या जाळ्यांचा कुबट वास. स्ने.च्या कागदांना बाक आलाय. पुढची जाळी स्वच्छ. का चढतेय? का?
झोप नीट लागत नाही. दुपारीही नाही.

१८ मे, शनि.
तिसरी.
३:४० ला गेला, तो सुरूच होईना. पंखे फिरतात, पडदा काळा. स्ने. तोंडावर हात धरून बसली. ईशूने विचारलं, "आई, दात तुटला का?"  सहाला सुरू झाला. फाईल ६:३५ ला.

साडेसातला बंगळुरूच्या मॅडमचा फोन. बोलणं इंग्रजीत. स्ने. 'येस मॅम', 'सॉरी मॅम' करत उभी, एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून, शाळेत उभं केल्यासारखी. मला एवढंच कळलं, थर्टीफर्स्ट. नंतर तिने सांगितलं: काम चांगलं आहे म्हणून लगेच काढत नाहीत. मॅडम वरच्यांपुढे ठेवतील. ३१ ला काय ते कळेल. तोवर एकही चूक नको.
राहुल फोनवर म्हणाला, "मी इथल्या शाळेचा फॉर्म आणून ठेवतो."

१९ मे, रवि.
लिहू की नको.

संध्याकाळी सौ.ने खोलीतला कुबट वास जावा म्हणून उदबत्ती आणली, डब्याच्या मागे फळीवर लावली. स्ने. स्वयंपाकात. डबा सुरू होता, ती उद्याची तयारी करून ठेवते. मी खुर्चीत. धूर वर जाईना. आडवा वळला आणि डब्याच्या मागच्या पंख्याखालच्या खाचांत शिरला, कुणी नळीने ओढावा तसा.

उदबत्ती हातात घेतली. बाजूच्या फटीशी धरली, आत. वरच्या बटणाच्या कडेला धरली, तिथूनही आत. पुढच्या जाळीशी धरली, तर धूर माझ्या तोंडावर.

तिन्ही पंखे बाहेर फेकतात. मग आत हवा येणार कुठून? फटींतून. फटींना जाळी नाही. पुढची जाळी स्वच्छ राहिली, कारण तिच्यातून काही आत येतच नव्हतं. सगळी धूळ मागून, कडेने, न गाळता आत गेली. त्यावर मी कूलर लावून दिला. बोअरचं खारं पाणी, ओली हवा, धूळ. आत गिलावा झाला असणार.

शेडचे पंखे सुरू करताना मीच ओरडायचो, "समोरची दारं उघडा रे आधी, नाहीतर पत्र्याच्या फटीतून घाण आत येईल!" एकतीस वर्षं ओरडलो. शेडला दारं होती. डब्याचं दार मी ५ तारखेला बंद केलं.

तिन्ही चुका माझ्या. पोर तीनदा सॉरी म्हणाली.

कूलर बैठकीत आणून ठेवला. सौ.ने विचारलं, का? म्हटलं, ओल होतेय.

२० मे, सोम.
सकाळपासून तीनदा सांगायला गेलो. पहिल्यांदा ती कामात. दुसऱ्यांदा ईशू मांडीवर. तिसऱ्यांदा कारण नव्हतं, तरी फिरलो.

उद्या धनराज. तो उघडणार, बघणार.

आज चाललं कसंबसं. तिने डब्याचं एका बाजूचं झाकण काढून टेबलफॅन लावला. फाईल ३:३५ ला गेली. चारनंतर ती ईशूला घेऊन बाजारात, सौ. सोबत. दार लावलं, पेचकस घेतला. हे लिहितानाही लाज वाटते. चोरासारखा पुढचे दोन्ही पंखे सरळ केले.  सात स्क्रू बसले, आठवा निसटला, आत कुठेतरी गेला. टॉर्च मारला, दिसेना. डबा हलवला, वाजेना. फाटकाची कडी वाजली तसा सगळं होतं तसं ठेवून बाहेर आलो.
सौ.: "घाम का इतला?"
"ऊन शे."

२१ मे, मंगळ.
धनराज साडेदहाला आला, धुळ्याहून मोटारसायकलवर, तोंडाला फडकं बांधून. पंचेचाळीसचा असेल. केस पिकलेले, नखांत काळं. आत येताच माझ्या पाया पडला. 

डबा उघडला. आतला मोठा भाग, चित्रं काढणारा, त्यावर पांढरट चिखलाचा थर. नखाने खरवडला. मग पुढचे पंखे पाहिले. बोटाने पातं फिरवलं, धारेवरची धूळ पाहिली, जाळी काढून तिची आतली बाजू पाहिली. धूळ आतल्या बाजूला होती.  धूळ सांगते ना, हवा कुठून कुठे जात होती ते. मलाही ते वाचता येतं, पण काल पुसायचं सुचलं नाही.

स्ने. पाणी आणायला गेली. तो वर न बघता म्हणाला, "नाना, तुम्ही जिनिंगमा व्हतात ना?"
"व्हतू. एकतीस वरीस."
"मन्हा बाप भी व्हता." एवढंच.
डबा तिरपा केला. आतून काहीतरी खळकन सरकलं. स्क्रू. त्याने दोन बोटांत धरला आणि माझ्या हातात ठेवला.

स्ने. तांब्या घेऊन आली. "काय होतं हो?"
मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं.
तो म्हणाला, "ताई, जोडताना पंखे माझ्याकडून उलटे बसले होते. चूक माझी. आता सरळ केलेत."
आणि मी म्हणालो, "धनराजभाऊ, चहा घ्या."

चहा घ्या म्हणालो!

सुनेपुढे सासऱ्याची मान खाली जाऊ नये, ही आपल्याकडची रीत. बाहेरचा माणूस ती पाळून गेला, स्वतःच्या धंद्यावर डाग घेऊन. दोन तास बसून त्याने थर काढला, ब्रश, स्पिरिट, सगळं. जाताना सांगितलं, पुढून आत, मागून बाहेर, आत येणारी हवा जास्त ठेवायची म्हणजे फटींतून हवा बाहेरच जाते, धूळ आत येत नाही. जाळी दर रविवारी धुवायची. "जाळी मळली तर बरं समजा, ताई. ती काम करतेय." मजुरी घेतली नाही. पुन्हा पाया पडून गेला.

स्क्रू अजून माझ्या खिशात होता. तो त्याला द्यायलाही विसरलो.

२२ मे, बुध.
६६. दिवसभर ६६-६७, कूलरविना. फाईल ३:०५ ला. स्ने. गुणगुणत होती.
राहुलचा फोन: "बघितलंत ना नाना? स्वतःच कबूल केलं त्याने. अशांना सोडायचं नसतं." मी "हं" म्हणालो.

२४ मे, शुक्र.
राहुलने धनराजच्या दुकानाबद्दल इंटरनेटवर लिहिलंय, सगळ्यांना दिसेल असं. 'पंखे उलटे बसवतो, बायकोची नोकरी धोक्यात आणली.' स्ने.चा भाऊ धुळ्यातच असतो, त्याने फोनवर सांगितलं: एका क्लासवाल्याचं दहा डब्यांचं काम धनराजला मिळणार होतं, ते हे वाचून दुसऱ्याला दिलं. स्ने.ला वाईट वाटलं. "चूक झाली त्याची, पण एवढं लिहायला नको होतं राहुलने." माझ्याकडे बघून म्हणाली, "हो ना नाना?"
ताटात भाकरी होती. पाणी पिऊन उठलो.

२५ मे, शनि.
बाहेर ४६. सौ.ला सांगितलं. सगळं, ५ तारखेपासून. मला वाटलं रागावेल. ती तांदूळ निवडत होती, निवडत राहिली. मग म्हणाली, "माले काय सांगस? जिले सांगानं तिले सांग."
आयुष्यात मला पहिल्यांदा एकेरीत बोलली. चुकून असेल.

२६ मे, रवि.
सांगितलं.

ती जाळी धूत होती अंगणात, ईशू नळी धरून. ईशूला आत पाठवलं. उभ्यानेच बोललो. पंखे मी उलटे केले, कूलर मी लावला, धनराज यायच्या आधी मीच सरळ केले, तो माझ्यासाठी खोटं बोलला. एका दमात. शब्द बरोबर आले की नाही आठवत नाही.

 जाळी तशीच हातात, पाणी पायावर पडतंय. मग तिने विचारलं, "नाना, आम्ही जायला हवं होतं का तुम्हाला?"

मला कळलंच नाही आधी.

"आखाजीला तुम्ही म्हणालात, ही गेली की खोली माझी. मी तेव्हापासून विचार करते. मग कूलर आणून लावलात, वाटलं, नाही, चेष्टाच होती. आता म्हणता पंखेही तुम्हीच."

डोक्यात तिडीक गेली. "काहीतरीच काय बोलतेस!" ओरडलोच. चप्पल घातली, बाहेर पडलो, जिनिंगच्या फाटकापर्यंत गेलो आणि तिथे उन्हात उभा राहिलो. पोरीने प्रश्न विचारला होता, मी ओरडून आलो. चेष्टा करणं हीच माझी माया, असं मी धरून चाललो. घरातल्यांनी ती तशीच समजावी, एवढी अपेक्षा. सौ. समजते, तिला चाळीस वर्षं झाली. हिला सात.

परत आलो तेव्हा दोघी जेवून झोपल्या होत्या. माझं ताट झाकलेलं.

२७ मे, सोम.
सातच्या गाडीने धुळे. दुकान शोधायला अर्धा तास. धनराज एकटाच, शेजारी उघडलेला कुणाचा तरी डबा.

"नाना! इतला ऊनमा कसाले उनात?"
सांगितलं, कशाला आलो ते. स्क्रू त्याच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, माझ्यामुळे तुझं काम गेलं. तू का घेतलंस अंगावर?
"सुनना समोर तुम्हले खाली पाहाले लावू का मी?"
"लावाले पाहिजे व्हतं."
तो हसला. म्हणाला, त्याच्या बापानेही घरचा पंखा असाच उलटा लावला होता, घरभर धूळ, आणि मरेपर्यंत कबूल केलं नाही. "तुम्हीन निदान इतला लवकर उनात."

तिथूनच राहुलला फोन लावला. धनराज नको नको म्हणत होता. राहुलला सांगितलं.  तो म्हणाला, "नाना, मी त्या माणसाला काय काय बोललोय." म्हटलं, तो समोर आहे, बोल. फोन धनराजच्या हातात दिला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसलो.

संध्याकाळपर्यंत राहुलने लिहिलेलं काढलं, दुसरं लिहिलं, चूक आमच्या घरची होती म्हणून. क्लासवाल्याचं काम परत येईल का, माहीत नाही. धनराज म्हणाला, "देखूत."

२९ मे, बुध.
स्ने. बोलते. चहा देते, नाना म्हणते. पण कमी. आधी फाईल गेली की खोलीतून ओरडायची, "नाना, गेली!" आता मी घड्याळ बघून समजतो.
६७.
ईशूने विचारलं, "नाना, तू आईशी कट्टी आहेस?" म्हटलं, नाही गं. "मग ती आहे?"

३० मे, गुरु.
राहुलचा निरोप: पुण्याच्या शाळेत फॉर्म द्यायची शेवटची तारीख ५ जून.
सौ. म्हणते, तुम्ही तिला सरळ सांगा. काय सांगू? माझं तोंड दोनच गोष्टी करतं, हुकूम आणि चेष्टा. फिटरला तेवढ्यावर भागत होतं.

३१ मे, शुक्र.
अकराला मॅडमचा फोन आला. स्ने.ने दार लोटून घेतलं. सौ. देवापुढे, मी ओसरीवर. बाराला बाहेर आली. हो नाही, नाहीही नाही. काम आवडलंय, पण तीन चुका नियमात बसत नाहीत. आणखी पंधरा दिवस चाचणी, १५ जूनपर्यंत. मग नक्की.

पण फॉर्म ५ तारखेला. थांबायचं ठरवलं आणि नोकरी गेली, तर पुण्याची शाळाही गेलेली. जायचं ठरवलं तर नोकरी पुण्यातून करता येईल, पण मग इथे आमच्याजवळ कुणी नाही.

दुपारी राहुल फोनवर, स्पीकर लावलेला. दोघं बोलत होते, मी ऐकत होतो. राहुल म्हणाला, "नाना, तुमचं काय म्हणणं?"
मी म्हणालो, "स्नेहल म्हणेल ते."
स्ने. माझ्याकडे वळली. "मी तुम्हाला विचारलं होतं, नाना. रविवारी. तुम्ही उत्तर दिलं नाहीत."

सौ., राहुल, ईशू, सगळे ऐकतायत. काहीतरी हलकं बोलून सुटावं असं अगदी ओठावर आलं. गिळलं.

म्हटलं, "राहा."

आवाज नीट आला नाही म्हणून परत म्हटलं. "तुम्ही दोघी इथे राहा. मला हवंय. जाऊ नये असंच वाटत होतं पहिल्यापासून, म्हणून तर त्या डब्याला हात लावला. पण माझ्या म्हणण्यावर जाऊ नकोस. ईशूचं बघ, तुझं बघ." पुढे जमलं नाही.

 राहुलचा फोन चालूच होता. स्ने.चे डोळे भरले होते, पण चेहऱ्यावरून काही समजेना. तिने पदराने तोंड पुसलं, घड्याळ पाहिलं. "चारची फाईल आहे," म्हणाली आणि आत गेली.

आता साडेतीन. मी विचारायला उठलो, तर सौ.ने हात धरला. "बठा आते गप. तिले इचार करू द्या."

बसलोय.